ब्लू टिक आणि परातभर थंड पाणी

"सकाळी खूश, दुपारी रडू. म्हणजे मला बीपीडी आहे!" अशा अर्थाची रील्स सध्या नाशिकच्या कॉलेज रोडच्या कट्ट्यावर बरीच फिरतात. मूड बदलणं म्हणजे बीपीडी, अर्थात बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर हा मानसिक आजार, नव्हे. निदानाला 9 पैकी किमान 5 लक्षणं लागतात, तीही वर्षानुवर्षं टिकलेली: कुणी सोडून जाईल ही टोकाची भीती, आज देवमाणूस नि उद्या दगाबाज वाटणारी नाती, आतला रितेपणा, अनावर राग, स्वतःला इजा करणं वगैरे.

समजा, अंबडच्या एका कंपनीतली मुलगी जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणीला विचारते, "संध्याकाळी भेटायचं?" ब्लू टिक येते, उत्तर येत नाही. दुसरं कुणी डबा उघडून जेवायला लागेल. हिच्या लेखी पाच मिनिटांत मैत्री संपते. डबा तसाच राहतो आणि चौथा मेसेज जातो, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." मैत्रीण मीटिंगमध्ये असते. रात्री हिला स्वतःचीच लाज वाटते, आणि घरचे म्हणतात, "हिची नाटकं सुरू झाली."

नाटकं नव्हेत ती. मेंदूतला अमिग्डला धोका हेरतो आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग त्याला आवरतो. या आजारात अमिग्डला लवकर पेटतो, निर्विकार चेहऱ्यातही राग वाचतो, आणि आवर कमी पडतो. त्यात भावना ओसरायला वेळ लागतो. पहिली लाट उतरायच्या आत दुसरी आली की ती आधीच्या उंचीवरून चढते.

इथेच मला भुरळ घालणारी गोष्ट येते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांच्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) या उपचारात एक युक्ती शिकवतात: श्वास रोखून चेहरा काही सेकंद थंड पाण्यात बुडवायचा. डोळ्यांभोवतीच्या आणि गालांच्या त्वचेतून ट्रायजेमिनल चेतातंतू मस्तिष्कस्तंभाला (मेंदूच्या बुंध्याला) खबर देतात, तिथून व्हेगस नस हृदयाचा ठेका ठरवणाऱ्या सायनस नोडवर अॅसिटिलकोलीन हे रसायन सोडते आणि ठोके मंदावतात. हा पाण्यात बुडी मारणाऱ्या सस्तन प्राण्यांचा प्रतिक्षेप, म्हणजे आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे, सीलमध्ये तर फारच जोरदार. विचारांना शरीर आवरेना, तेव्हा शरीराकडूनच सुरुवात करायची. (हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.) पाणी रामकुंडाचं की बोअरचं, हे व्हेगसला कळत नाही. म्हणून "बाधा आहे" सांगून त्र्यंबकला नारायण नागबळीचा खर्च करायला लावणाऱ्यांना हात जोडावेत.

अर्थात परातीतल्या पाण्याने आजार जात नाही, फक्त चौथा मेसेज थांबतो. खरा उपचार म्हणजे साधारण वर्षभराची थेरपी. खास या आजारावरचं औषध नाही, सोबतच्या नैराश्यासाठी गोळ्या देतात. 2011 साली लिनेहान यांनी तरुणपणी आपणही मनोरुग्णालयात होतो, हे जाहीरपणे सांगितलं. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. आणि दहा वर्षांच्या पाठपुराव्यात बहुतेक रुग्ण निदानाच्या निकषांबाहेर पडलेले दिसतात, नोकरी नि नाती सावरायला मात्र त्याहून जास्त वेळ लागतो.