जुना लेथ घेताना झीज कशी ओळखावी

सोलापुरात यंत्रमागांच्या आसपास लेथ, म्हणजे काम फिरवत ठेवून टूलने कापणारे यंत्र, असतोच, कारण मागाचा शाफ्ट झिजला किंवा पुलीचे भोक मोठे झाले की ते काम टर्नरकडे जाते. असे दुरुस्तीचे छोटे वर्कशॉप काढू पाहणारा माणूस अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत जुना लेथ पाहायला जातो, तेव्हा त्याच्यासमोर बहुधा कित्येक वर्षे चाललेले आणि विक्रीसाठी नुकताच रंग मारलेले यंत्र उभे असते. म्हैसूर किर्लोस्करचे हरिहरला बनलेले किंवा एचएमटीचे जुने लेथ नीट राखले असतील तर अजूनही उत्तम काम देतात. बीड, म्हणजे लेथचे ओतीव लोखंड, नुसते जुने झाल्याने बिघडत नाही, म्हणून यंत्राच्या वयापेक्षा त्याची झीज कुठे आणि कोणत्या दिशेने झाली आहे, हे तपासावे लागते.

बहुतेक कामे आखूड असल्यामुळे सॅडल (टूल वाहून नेणारा भाग) वर्षानुवर्षे चकजवळच्या, म्हणजे काम धरणाऱ्या जबड्यांजवळच्या भागातच मागेपुढे होते आणि बेडची, म्हणजे ज्या लांब पट्ट्यांवर ते सरकते त्यांची, सर्वाधिक झीज तिथेच होते. टेलस्टॉककडचे (कामाला दुसऱ्या बाजूने आधार देणाऱ्या भागाकडचे) टोक मात्र जवळजवळ कोरे राहते. मूळ बेडवर हाताने स्क्रेपिंग, म्हणजे खरवडून सपाट करण्याचे काम, केलेले असेल, तर त्याच्या खुणा त्या टोकाला दिसतात आणि चकजवळ पुसलेल्या असतात. तपासणीची एक सोपी रीत अशी: सॅडल चकजवळ आणून त्याचा लॉक इतकाच आवळावा की ते जेमतेम सरकेल, आणि मग हाताने चाक फिरवत ते टेलस्टॉककडे न्यावे. वाटेत ते घट्ट होऊन अडकले, तर चकजवळचा बेड तेवढा खाली गेला आहे असे समजावे.

आता ही झीज कामात किती उतरते ते पाहू. समजा 40 मिमी व्यासाचा शाफ्ट कापताना टूल सेंटरच्या (काम ज्या अक्षाभोवती फिरते त्याच्या) खाली 0.1 मिमी सरळ उतरले, तर भूमितीप्रमाणे व्यासात फरक पडतो केवळ 0.0005 मिमी, जो साध्या मायक्रोमीटरवर दिसणारही नाही. तेच टूल तेवढेच आडवे, म्हणजे शाफ्टपासून दूर सरकले, तर व्यास 0.2 मिमीने वाढतो. दोन्ही ठिकाणी टूल हलले तेवढेच, परिणामात मात्र चारशे पटींचा फरक. यावरून बेडची उभी झीज निरुपद्रवी आहे असे वाटेल, पण ते खरे नाही, कारण टर्नरच्या बाजूची पट्टी सहसा मागच्या पट्टीपेक्षा जास्त झिजते आणि त्यामुळे सॅडल पुढे कलते. सेंटर बेडपासून 15 सेंमी उंच आणि दोन पट्ट्यांतले अंतर 25 सेंमी असेल, तर पुढची पट्टी 0.1 मिमी खाली गेल्याने टूल सुमारे 0.06 मिमी बाहेर येते, आणि चकजवळ व्यास 0.12 मिमी जाड राहतो. माझ्या मते घासाघीस करायची असेल तर ती याच मुद्द्यावर करावी, कारण बेड पुन्हा ग्राइंड करून घेण्याचा खर्च कधी कधी यंत्राच्या किमतीइतका होतो.

प्रत्यक्ष खात्रीसाठी साधारण 40 मिमी जाडीची सळई चकमध्ये धरावी, टेलस्टॉकचा आधार न देता तिच्यावर 15 सेंमी अंतराने दोन कडी ठेवावीत आणि टूलची खोली न बदलता दोन्हींवरून हलका शेवटचा काप घेऊन व्यास मोजावेत. फरक आला तरी लगेच बेडला दोष देऊ नये. असमान फरशीवर ठेवलेला बेड पिळवटतो आणि तसाच टेपर, म्हणजे एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक व्यास, देतो, म्हणून आधी लेव्हल तपासावी. सोलापूरच्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पत्र्याच्या शेडमध्ये दारातून एकाच बाजूने ऊन येत असेल आणि दीड मीटर लांब, 25 सेंमी रुंद बेडच्या दोन बाजूंत तापमानाचा फक्त 2 अंशांचा फरक पडला, तरी तो आडव्या दिशेने सुमारे 0.025 मिमी वाकतो. ही चाचणी सकाळीच घ्यावी हे बरे.

त्यानंतर स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा मुख्य शाफ्ट. डायल गेजचे (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणाऱ्या उपकरणाचे) टोक चकच्या जबड्यावर न टेकवता स्पिंडलच्या नाकावर किंवा आतल्या टेपरवर टेकवावे. झिजलेला चक बदलता येतो, पण त्याच्या दोषामुळे चांगले स्पिंडल नाकारले जाण्याची किंवा उलट होण्याची शक्यता असते. मग चकमध्ये लाकडी दांडा धरून वर उचलावा आणि डायलचा काटा किती हलतो ते पाहावे. गनमेटलच्या बुशमध्ये तेलाच्या पापुद्र्यासाठी थोडी फट लागतेच, त्यामुळे मिलिमीटरच्या शंभरातला एखाद-दुसरा भाग हलणे गैर नाही. अर्धा तास यंत्र फिरवून हेडस्टॉकला, म्हणजे स्पिंडल बसवलेल्या भागाला, हात लावावा. कोमट लागणे ठीक, चटका बसणे ठीक नाही.

क्रॉस स्लाइडच्या (टूल आडवे पुढे-मागे करणाऱ्या भागाच्या) हँडलला मोकळा खेळ असल्याचे पाहून बरेच जण बिचकतात. पण तो बहुधा गनमेटलच्या नटची झीज असते आणि नट नवा बनवून घेता येतो. बॅक गिअरचे (स्पिंडलचा वेग कमी करणाऱ्या गिअरचे) तुटलेले दात, बीडवरची वेल्डिंगची रेघ आणि रंगाखाली भरलेली पुटी या मात्र गंभीर बाबी आहेत. मोटर थ्री फेज असेल आणि जागेवर सिंगल फेज वीज असेल, तर तो खर्च आधीच धरावा.

शेवटी सुटे गिअर मोजून घ्यावेत. लीड स्क्रू, म्हणजे आटे पाडताना सॅडल सरकवणारा लांब स्क्रू, इंची असेल तर संचात 127 दातांचा गिअर आहे का ते पाहावे. एक इंच म्हणजे 25.4 मिमी आणि त्याची पाचपट बरोबर 127 होते. त्यामुळेच त्या गिअरने मेट्रिक आटे अचूक पाडता येतात. तो हरवला असेल, तर तो कापून घेण्याचा खर्च किमतीतून वजा करायला सांगावे.