नदी नाही तर पूल कशाला? पेंचच्या रस्त्यामागची गोष्ट

नागपूरहून जबलपूरकडे निघालं की मनसरनंतर, देवलापारच्या आसपास, रस्ता मधेच खांबांवर चढतो आणि गाडीतलं कोणीतरी विचारतंच, खाली नदी तर नाहीये मग एवढा लांब पूल कशाला. जनावरांसाठी आहे तो, पेंचच्या जंगलातले वाघ-चितळ रस्त्याखालून पलीकडे जावेत म्हणून.

१९७३ ला वाघ वाचवायला प्रोजेक्ट टायगर सुरू झाला तेव्हा सगळा भर ठरावीक ९ जंगलांवर, त्यात आपलं मेळघाट. त्यांच्या मधल्या जंगलाचं काय, ते फारसं कोणाच्या डोक्यात नव्हतं. पण नर बछडा दोनेक वर्षांचा झाला की आईचा एरिया सोडून निघतोच, आणि त्याला कोणती हद्द ठाऊक. २००५ ला राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नाही हे उघड झालं, मग २००६ ला कायदा बदलला आणि प्रकल्पांना जोडणारे पट्टेही त्यात आले. २०१४ ला असे ३२ कॉरिडॉर नकाशावर मांडले गेले.

तोवर नागपूरहून निघणारा हाच रस्ता, म्हणजे जुना राष्ट्रीय महामार्ग (एनएच) ७, आताचा ४४, चौपदरी करायचं ठरून बरीच वर्षं झाली होती. हा रस्ता महाराष्ट्रात पेंच-नागझिरा आणि पुढे मध्य प्रदेशात पेंच-कान्हा असे दोन्ही कॉरिडॉर कापतो, त्यामुळे काम अडकलं, नागपूर खंडपीठ झालं, हरित लवाद झाला, आणि इकडे खड्ड्यांतून जाणारे आपण वाघांना शिव्या घालत होतो (मीपण घातल्यात). खरी घासाघीस पुलांच्या लांबीवरून होती. रस्त्याखाली एखादं बोगद्यासारखं भोक ठेवलं की झालं असं वाटतं, पण पलीकडचा उजेड आणि झाडं दिसली नाहीत तर चितळ आत पाऊल टाकत नाही, आणि चितळ नाही तर वाघ कशाला येईल.

शेवटी मनसर ते खवासा या ३७ किमीत ९ ठिकाणी वाट ठेवली, सगळ्यात लांब पूल ७५० मीटरचा. २०१९ ला भारतीय वन्यजीव संस्थेने खाली कॅमेरे लावले, तर मार्च ते डिसेंबरात १८ जातींची जनावरं दिसली, सगळ्यात जास्त चितळ, आणि वाघ मोजून ११ वेगवेगळे!

रस्त्याचं निदान एवढं तरी झालं. रेल्वेचं बघा, नोव्हेंबर २०१८ ला चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या जंगलात गोंदिया लाईनवर वाघाचे ३ बछडे गाडीखाली गेले, तिथे रूळ जंगलातूनच जातात आणि खालून जायला असा पूल नव्हता.