निळीच्या पैशांवर उभा राहिलेला लाल वाडा

दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझ शहरात, गारोन नदीपासून जवळच, 'ओतेल दासेझा' आहे. नावावरून उतरायची सोय वाटेल, पण फ्रेंचमध्ये धनिकांच्या शहरातल्या वाड्यालाही 'ओतेल' म्हणतात. हा वाडा लाल विटांचा, आणि तो बांधायचा पैसा आला निळ्या रंगातून.

मालक पिएर दासेझा पास्तेलचा बडा व्यापारी. पास्तेल ही मोहरीच्या कुळातली वनस्पती. तिची हिरवी पानं दगडी चाकाखाली चिरडायची, लगद्याचे गोळे वळून वाळवायचे, मग ते फोडून, भिजवून आंबवायचे. पानात निळा रंग नसतोच. असतात ती साखरेला बांधलेली रंगहीन संयुगं. पान चिरडलं की त्यातली विकरं (एन्झाइम) ती बांधणी तोडतात, इंडॉक्सिल मोकळं होतं आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याचे दोन-दोन रेणू जुळून नीळ तयार होते. रंगाऱ्याच्या पिंपातून कापड पिवळट-हिरवं निघतं आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळं होतं. मला तरी रसायनशास्त्रातला याहून सुंदर प्रयोग ठाऊक नाही.

त्या वाळक्या गोळ्यांना 'कोकाञ' म्हणत. त्यांच्या व्यापारावर दासेझा इतका वर आला की 1552 मध्ये नगराच्या कारभाऱ्यांत त्याची निवड झाली. 1555 मध्ये त्याने निकोला बाशलिए या स्थपतीकडून वाड्याचं काम सुरू करवलं. निकोला वारल्यावर त्याचा मुलगा दोमिनिक याने ते पुढे नेलं.

चौकात उभं राहून नजर वर न्यावी. तळमजल्यावर डोरिक, मधल्यावर आयोनिक, वरच्यावर कोरिंथियन असे जोडखांब एकावर एक चढत जातात. साधा, दणकट खांब खाली. पानाफुलांचा नाजूक वर. हा क्रम रोमच्या कोलोसियममध्येही दिसतो. प्राचीन रोमचं हे व्याकरण एका व्यापाऱ्याच्या घरावर इतक्या शिस्तीत उतरलेलं पाहिलं की प्रबोधनकाळाची ऐट लगेच कळते. कोपऱ्यात जिन्याचा उंच मनोराही आहे. तुलूझमध्ये तो मालकाच्या प्रतिष्ठेची खूण असे.

विटा का, तर तुलूझच्या आसपास चांगला दगड नाही, नदीच्या गाळाची माती मात्र मुबलक. भट्टीत त्या मातीतल्या लोहाचं ऑक्साइड होतं आणि वीट तांबूस होते. लांबून आणावा लागणारा दगड महाग, म्हणून तो खांब, चौकटी आणि नक्षीपुरता राखलेला. लाल भिंतीवर फिकट दगडाची जी रेखीव शोभा दिसते, तिच्यामागे हा हिशेब आहे.

पण वाडा पुरा झालाच नाही. दासेझा प्रोटेस्टंट होता. 1562 च्या धर्मयुद्धात त्याला शहर सोडावं लागलं. पुढे पास्तेलचा धंदाही बसला. त्याला मागे सारलं ते भारतातून जहाजांनी येणाऱ्या निळीने: रेणू तोच, पण आपल्याकडच्या निळीच्या झाडात तो कितीतरी जास्त. 1609 मध्ये राजा चौथ्या हेन्रीने या परदेशी निळीवर बंदी घातली, तरी ती थांबली नाही.

आज वाड्यात बेम्बर्ग प्रतिष्ठानचा चित्रसंग्रह आहे. तो 1995 मध्ये लोकांसाठी खुला झाला. चित्रं पाहून चौकात आलात की जोडखांबांकडे पाठ करून जरा समोर पाहा. त्या बाजूला दालनं नाहीत. आहे ती उंच विटांची भिंत आणि भिंतीतून पुढे आलेल्या दगडी टेकूंवर पेललेला, छप्पर घातलेला एक अरुंद सज्जा.