पचनज व्रण (पेप्टिक अल्सर)

जठराच्या किंवा ग्रहणीच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या, अस्तराला पडणारी खोल जखम. मुंबईत पोटात आग पडली की वडापाव, कटिंग चहा आणि लोकलची दगदग यांच्यावर खापर फुटते. तिखटाने जळजळ वाढते, हे खरे. पण बहुतेक व्रणांच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात.

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी हा जिवाणू उजेडात आणला. १९८२ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवता आला. १९८४ मध्ये मार्शल तो स्वतःच प्यायले. त्यांना जठरदाह झाला, व्रण नव्हे. दंतकथेत हा फरक हरवतो. दोघांना २००५ चे नोबेल मिळाले. हा जिवाणू युरियापासून अमोनिया तयार करून भोवतालचे आम्ल बोथट करतो, म्हणून जठरात तग धरतो.

संसर्ग बहुधा बालपणीच, घरातल्या घरात होतो : लाळ, उलटी किंवा विष्ठेचा अंश तोंडावाटे पोटात जातो. चाळीतली दहा बाय दहाची खोली, तीत सहा-सात माणसे, मजल्यावर सामाईक संडास, तासभर येणारे पाणी पिंपात भरून त्यात बुडणारे सगळ्यांचे हात. जिवाणूला आणखी काय हवे? भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांत तो आढळतो. त्यातल्या बहुतेकांना व्रण मात्र कधीच होत नाही.

दुसरे कारण केमिस्टच्या काउंटरवर मिळते. गुडघे दुखतात म्हटले की पट्टीतून कात्रीने दोन गोळ्या कापून हातावर पडतात, चिठ्ठी कोणी मागत नाही. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन ही औषधे अस्तराचे रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिने घटवतात. जिवाणू आणि गोळ्या एकत्र आल्या तर धोका आणखी वाढतो. धूम्रपानाने जखम भरायला वेळ लागतो.

ग्रहणीचा व्रण उपाशीपोटी, अनेकदा मध्यरात्री दुखतो आणि दोन बिस्किटे खाल्ली की शमतो. डांबरासारखी काळी शौच म्हणजे आत रक्तस्राव. तेव्हा तडक रुग्णालय गाठावे.

जिवाणूवर आम्लरोधक आणि प्रतिजैविके एकत्र, साधारण १४ दिवस देतात. भारतात मेट्रोनिडॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारे प्रकार पुष्कळ आहेत, त्यामुळे बरे वाटले म्हणून औषध मध्येच सोडणे महागात पडते. उपचारानंतर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जिवाणू गेल्याची खात्री करतात.