उन्हाची सवय

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्या घरी कूलर पुसून खिडकीत बसवला जातो, जुनी खस काढून नवी भरली जाते आणि पंप सुरू होताच ओल्या खसचा वास घरभर पसरतो. नागपूरचा उन्हाळा आमच्यासाठी तिथून सुरू होतो. मे महिन्यात इथले दुपारचे सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या पुढे असते आणि मे २०१३ मध्ये ते ४७.९ अंशांपर्यंत गेले होते. अशा उन्हातही इथली माणसे दुपट्टा गुंडाळून कामाला निघतात, आणि बाहेरगावच्या पाहुण्याने आश्चर्य व्यक्त केले की आपण म्हणतो, "आम्हाला सवय आहे." ही सवय खरी असते, पण ती केवळ मनाची नसते. ती रक्ताची, घामाच्या ग्रंथींची आणि मूत्रपिंडांची असते, आणि एकाच घरातल्या तीन पिढ्यांना ती सारखी नसते, हे मला बरेच उशिरा कळले.

आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. बाहेरची हवा त्याहून गार असेल तोवर शरीरातली उष्णता आपोआप बाहेर जाते, परंतु हवा ४३ अंशांवर पोहोचली की उष्णता उलट हवेतून शरीरात शिरू लागते आणि शरीराला गार राहण्यासाठी घामाखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. हा एकच मार्ग मात्र विलक्षण ताकदीचा आहे. शून्य अंशाचे एक लिटर पाणी उकळीपर्यंत तापवायला १०० किलोकॅलरी लागतात, तर त्वचेवरचा एक लिटर घाम वाळताना शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. अंबाझरी तलावाच्या बाजूने पाऊण तास झपाझप चालणाऱ्या माणसाच्या शरीरात साधारण २०० किलोकॅलरी उष्णता तयार होते. ती बाहेर टाकायला जेमतेम साडेतीनशे मिलिलिटर घाम पुरतो, मात्र तो अंगावरच वाळला पाहिजे. निथळून खाली पडलेल्या घामाचा गारव्यासाठी काहीही उपयोग होत नाही. म्हणूनच व्यायामाला घट्ट, हवाबंद कपडे घालून "भरपूर घाम गाळणे" मला चुकीचे वाटते.

माझा मुलगा बंगळूरला नोकरी करतो. मागच्या मे महिन्यात तो सुटीवर आला आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता धावायला गेला. अर्ध्या तासात तो परतला तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता, डोके दुखत होते आणि मळमळत होते. तो इथेच वाढलेला, त्यामुळे त्याला उन्हाची सवय असणारच, असे आम्ही सगळेच धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ही सवय कायमची राहत नाही. रोज काही वेळ उष्णतेत हालचाल केली तर पहिल्या चार-पाच दिवसांतच रक्तातल्या द्रवाचे प्रमाण वाढते, त्यामुळे हृदयाला त्वचेकडे रक्त पाठवणे सोपे जाते; पुढे घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते, कारण शरीर ते राखून ठेवायला शिकते. या सगळ्याला एक ते दोन आठवडे लागतात, आणि उष्णतेशी संबंध तुटला की काही आठवड्यांत ही कमाई ओसरते. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नव्या कामगारांना थेट खोल, तप्त बोगद्यांत न उतरवता हळूहळू सरावण्याची पद्धत सुरू झाली, ती याच कारणाने. मुलाने नंतर पहाटे साडेपाचला वीस मिनिटांपासून सुरुवात केली आणि आठवड्याभराने तो चांगला धावू लागला.

बाबांची गोष्ट वेगळी आहे, आणि मला अधिक काळजी त्यांचीच वाटते. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांचे सगळे आयुष्य नागपुरात गेले आहे. त्याच महिन्यात एका दुपारी जेवून उठताना त्यांना चक्कर आली. सकाळपासून किती पाणी प्यायलात, असे विचारल्यावर ते म्हणाले, "तहानच लागली नाही." ते खरेच सांगत होते. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांना आणि तरुणांना चोवीस तास पाण्याविना ठेवले होते. वृद्धांना तहान कमी जाणवली, आणि समोर पाणी ठेवल्यावरही ते तरुणांपेक्षा कमी प्यायले. वयाबरोबर घामही कमी येतो, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी काहींनी लघवी वाढते. गोळ्या मनाने बंद करायच्या नसतात, पण उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांना त्याबद्दल विचारणे आवश्यक आहे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाने किती पाणी प्यावे, हेही त्यांनीच ठरवायचे असते. आमच्या घरी आता बाबांच्या खुर्चीजवळ त्यांचा तांब्या भरलेला असतो, आणि अकरा वाजता व चार वाजता तो रिकामा झाला की नाही हे कुणीतरी पाहते.

खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, यावर आईचा विश्वास आहे. कांद्यात तसा गुण नाही, पण तिच्या पन्ह्यात आहे. लहान आतड्यात साखर आणि मीठ एकमेकांच्या सोबतीने रक्तात शोषले जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी जाते. जलसंजीवनीचे सारे शास्त्र यावरच उभे आहे. पन्हे काही जलसंजीवनीइतके मोजून केलेले नसते, आणि मधुमेह असणाऱ्याला त्यातली साखर सोसणार नाही, तेव्हा त्याच्यासाठी मीठ घातलेले पातळ ताक बरे.

नवतपा, म्हणजे मेअखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपून मृग लागला की सगळे सैलावतात, आणि मला तेव्हाच सावध व्हावेसे वाटते. मे महिन्यात ४३ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त २४ अंशांपर्यंत गार होऊ शकते, म्हणून चांगला कूलर २९ अंशांच्या आसपासची हवा देतो. जूनमध्ये तापमान ३८ वर उतरते, पण आर्द्रता ५० टक्के झाली की हीच मर्यादा २९ अंशांजवळ येते. कूलरची खस वाळायला जो अडथळा, तोच अंगावरच्या घामालाही. त्यामुळे पाऱ्याचा आकडा उतरलेला असूनही शरीरावरचा ताण उतरत नाही. कुणी असंबद्ध बोलू लागले, अंग भाजत असले, शुद्ध हरपत असली, तर १०८ क्रमांकाला फोन करून, गाडी येईपर्यंत अंगावर सतत पाणी शिंपडून पंख्याने वारा घालावा. त्या अवस्थेत तोंडाने पाणी पाजू नये, ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. बाबांची चालायची फेरी आम्ही पाऊस नीट सुरू होईपर्यंत वीस मिनिटांचीच ठेवतो, आणि कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवतो, म्हणजे खोलीतली दमट हवा बाहेर जाते.