चिनी पैशावर बंदी नाही, पण दार सताड उघडंही नाही

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चहाच्या गाड्यावर आजही ठासून सांगतात, "२०२० पासून चिनी गुंतवणुकीवर बंदी आहे." लगेच दुसरा शेडकडे हात करतो, "बंदी कसली हो, आत चिनी सीएनसी मशीन चालूच आहे की!" दोघंही चुकतात. मशीन विकत घेणं ही आयात; कंपनीत हिस्सा घेणं ही गुंतवणूक.

१७ एप्रिल २०२० ला केंद्रानं 'प्रेस नोट ३' काढली, म्हणजे परकीय गुंतवणुकीचे नियम बदलणारं परिपत्रक. भारताला जमिनीची सीमा लागलेल्या देशातून पैसा आला, किंवा पैशामागचा खरा लाभधारक तिथला असला, तर आधी सरकारी मंजुरी. पूर्वी ही अट पाकिस्तान आणि बांगलादेशापुरती होती. नोटेत चीनचं नावसुद्धा नाही, म्हणून नेपाळ-भूतानही त्यात आले. रोख कुणावर होता, हे काय सांगायला हवं?

खरी गोची कागदात आहे. समजा, आपल्या एखाद्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) सिंगापूरची कंपनी हिस्सा घेते. करार सिंगापूरचा, पण तिचा मालक शांघायचा. मंजुरी लागणारच. पुढे तो हिस्सा अशाच कुणाकडे गेला तरी लागणार. त्यात मूळ नोटेत 'लाभधारक' म्हणजे किती टक्क्यांचा धनी, हे लिहिलंच नव्हतं. मग एक वकील होय म्हणायचा, दुसरा नाही. बेंगळुरूला खेटे घालून उपयोग नाही, निर्णय दिल्लीत होतो. आणि मंजुरीविना पैसा घेतला, तर फेमा म्हणजे परकीय चलन कायद्यानं रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो.