डेन्व्हर, जॉन

डेन्व्हर, जॉन : (३१ डिसेंबर १९४३–१२ ऑक्टोबर १९९७). अमेरिकन कंट्री-पॉप गायक व गीतकार. मूळ नाव हेन्री जॉन डॉइचेनडॉर्फ. जन्म न्यू मेक्सिकोतील रॉझवेल येथे. वडील हवाई दलात वैमानिक असल्याने बालपण बदल्यांच्या गावी गेले. आजीने दिलेल्या १९१० सालच्या गिब्सन गिटारवर त्याचा हात बसला. १९६५ मध्ये तो चॅड मिचेल या लोकगीत गाणाऱ्या त्रिकुटात आला. त्याचे ‘लीव्हिंग ऑन अ जेट प्लेन’ हे गीत पीटर, पॉल अँड मेरी या लोकगीत-त्रिकुटाने गायिले व १९६९ अखेर ते अमेरिकी क्रमवारीत पहिले आले.

‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ (१९७१) सर्रास एकट्या डेन्व्हरच्या नावावर खपते, ते बरोबर नाही. बिल डॅनॉफ व टॅफी निव्हर्ट या गीतकार जोडीला ते मेरीलँडमधील क्लॉपर रोडवरून मोटारीने जाताना सुचले; कंट्री गायक जॉनी कॅशला ते द्यावे, असा त्यांचा बेत होता. १९७० च्या नाताळानंतर वॉशिंग्टनच्या ‘सेलर डोअर’ क्लबातील कार्यक्रम आटोपून डेन्व्हरसह तिघे डॅनॉफच्या घरी निघाले असता वाटेत मोटारींची धडक होऊन डेन्व्हरचा अंगठा मोडला. तरीही पहाटेपर्यंत बसून त्यांनी गीत पुरे केले आणि ३० डिसेंबरच्या सुमारास ते कागदात पाहून प्रथम गायिले. गीतात वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या वर्णनात येणारे ब्लू रिज पर्वत व शेनँडोआ नदी त्या राज्याच्या पूर्व टोकालाच जेमतेम शिवतात. म्हणून हे गीत वस्तुतः शेजारच्या व्हर्जिनियाचे, असा एक पक्ष आहे. मात्र डॅनॉफने तोवर वेस्ट व्हर्जिनिया पाहिलेलेच नव्हते आणि मात्रांत बसते म्हणून मॅसॅचूसेट्स हे नावही त्याच्या मनात होते. तेव्हा नकाशाचा पुरावा येथे फारसा उपयोगी नाही. वेस्ट व्हर्जिनियाने २०१४ मध्ये ते राज्यगीत म्हणून स्वीकारले; कोलोराडोने ‘रॉकी माउंटन हाय’ला तो मान २००७ मध्येच दिला होता.

१९७५ च्या कंट्री म्यूझिक असोसिएशनच्या समारंभात कंट्री गायक चार्ली रिचने विजेता म्हणून डेन्व्हरचे नाव असलेला कागद लायटरने पेटवला. हा पॉप गायकाच्या शिरकावाचा निषेध होता, असे बहुधा म्हटले जाते. रिचच्या मुलाने ते नाकारले आहे. १९८५ मध्ये गीतांवरील निर्बंधांविरुद्ध डेन्व्हरने सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली.

कॅलिफोर्नियातील माँटेरे उपसागरात त्याचे लाँग-ईझी हे हौशी बांधणीचे छोटे विमान कोसळून तो मरण पावला. विमान बांधणाऱ्याने इंधनाच्या टाक्या बदलण्याची मूठ वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. ती फिरवायला वळताना उजव्या रडरच्या (शेपटीवरील सुकाणूच्या) पायपट्टीवर पाय दाबला गेला असावा, असा चौकशीचा निष्कर्ष आहे.